स्टॉन्टन म्हणजे दगडवाडीकर

कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यात येते. ज्या स्तंभामुळे ते गाव देशभर ठाऊक झाले, तो मात्र नदीच्या पुणेकडील अंगाला, हवेली तालुक्यातील पेरणे गावाच्या हद्दीत उभा आहे. लढाई एका गावाच्या नावावर आणि तिचे स्मारक दुसऱ्याच्या जमिनीवर, ही पहिली गंमत. दुसरी अधिक गंभीर आहे. लढाई झाली सुमारे आठशे माणसांच्या अंगावर, आणि इतिहासात ती नोंदली गेली एका आडनावावर. ते आडनाव म्हणजे स्टॉन्टन.

मराठी लेखनात ते कोठे स्टाँटन, कोठे स्टॉटन, तर कोठे स्टाउंटन असे भेटते. उच्चाराची ही ओढाताण समजण्यासारखी आहे, कारण हे आडनाव इंग्रजांतही फारसे आढळणारे नाही. स्मिथ किंवा ब्राउन यांच्याप्रमाणे ते गल्लोगल्ली सापडत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात याच नावाचे एक शहर आहे आणि तेथील लोक त्याचा उच्चार ‘स्टॅन्टन’ असा करतात. तेव्हा मराठी लेखकांनी संकोच बाळगण्याचे कारण नाही.

दुर्मीळ आडनावाचा एक तोटा असतो. ते दोन ठिकाणी दिसले की वाचकाला लगेच घराणे दिसू लागते. कोरेगावचा फ्रान्सिस स्टॉन्टन, टिपूशी तह करणारा जॉर्ज स्टॉन्टन, बुद्धिबळाच्या सोंगट्यांवरचा हॉवर्ड स्टॉन्टन, असे तिघे एका ओळीत मांडले की पिढ्यान्‌पिढ्या साम्राज्य चालवणाऱ्या एका कुळाची कथा आपोआप तयार होते. इतिहासाच्या हौशी वर्तुळांत अशा कथा फार लवकर रुजतात. तपासून पाहिल्यास ही कथा पहिल्याच पायरीवर कोसळते.

स्टॉन्टन हे गावावरून पडलेले आडनाव आहे. जुन्या इंग्रजीत ‘स्तान’ म्हणजे दगड आणि ‘तून’ म्हणजे वाडी, वस्ती. दगडाळ जमिनीवरची वाडी ती स्टॉन्टन. या नावाची गावे इंग्लंडमध्ये एक नाही, अनेक आहेत. ग्लॉस्टरशरमध्ये आहे, हेरफर्डशरमध्ये आहे, नॉटिंगहॅमशरमध्ये आहे. लेस्टरशरमध्ये ‘स्टॉन्टन हॅरल्ड’ आहे. त्यांपैकी कोणत्याही गावातून बाहेर पडलेला माणूस परगावी ‘स्टॉन्टनचा’ म्हणून ओळखला जाई आणि पुढे तेच त्याच्या मुलानातवंडांचे आडनाव होई. मराठीत याला स्पष्टीकरणाची गरजच नाही. आपल्याकडे ‘कर’ हा प्रत्यय शतकानुशतके हेच काम करतो. स्टॉन्टनचे सरळ मराठी ‘दगडवाडीकर’ असे होईल. आणि महाराष्ट्रातील सगळे वाडीकर एकमेकांचे भाऊबंद आहेत, असे कोणी म्हणू लागले तर त्याला काय उत्तर मिळेल, हे सांगायला नको.

आता हे तीन स्टॉन्टन पाहू. सर जॉर्ज लिओनार्ड स्टॉन्टन आयर्लंडमधील गॉलवेचा. मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड मॅकार्टनी याचा तो चिटणीस होता. १७८४ साली टिपू सुलतानाशी मंगळूरचा तह ठरवण्यासाठी गेलेल्या तीन इंग्रज प्रतिनिधींपैकी तो एक. पुढे मॅकार्टनी ब्रिटनचा वकील म्हणून चीनच्या दरबारी गेला, तेव्हाही स्टॉन्टन बरोबर होता. या मोहिमेत त्याचा मुलगा जॉर्ज टॉमस हाही होता. हा बारा वर्षांचा पोर प्रवासातच चिनी भाषा शिकला आणि १७९३ मध्ये सम्राट च्येनलुंगशी त्याच्या भाषेत बोलला. मोठेपणी त्याने चीनच्या दंडसंहितेचे इंग्रजी भाषांतर केले आणि १८२३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या स्थापनेत भाग घेतला. भारताच्या अभ्यासकांना ती संस्था परकी नाही.

बुद्धिबळाच्या स्टॉन्टनची कथा या विषयाला अधिक लागू पडते. हॉवर्ड स्टॉन्टन हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचा इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. १८४३ मध्ये पॅरिस येथे त्याने फ्रान्सच्या सेंट-आमांचा पराभव केला. आज जगभरच्या स्पर्धांत जो सोंगट्यांचा संच वापरतात, त्याला ‘स्टॉन्टन’ म्हणतात. मात्र त्या सोंगट्या त्याने घडवल्या नाहीत. १८४९ मध्ये त्यांच्या आकृतीची नोंद केली नॅथॅनिएल कुक याने आणि त्या तयार केल्या जॅक या लंडनच्या कारखानदाराने. स्टॉन्टनने आपले नाव दिले आणि पेटीवरच्या चिठ्ठीवर सही केली. कुकचे नाव आज जाणकारांपुरते उरले आहे. त्यातही मौज अशी की या हॉवर्डचा जन्म, त्याचे आईवडील, ते आडनाव त्याला कोठून मिळाले, यांतले काहीच निर्विवाद नाही. ज्याच्या बापाचा पत्ता लागत नाही त्याला कोरेगावच्या कप्तानाचा भाऊबंद ठरवणे हा इतिहास नव्हे.

हे झाले कुळकथेचे. खरा आक्षेप पुढे आहे. सोंगट्यांच्या पेटीवर जे घडले, तेच कोरेगावच्या स्तंभावर घडले आहे.

स्तंभाची पायाभरणी मार्च १८२१ मध्ये झाली. त्यावर इंग्रजी आणि मराठी असे दोन्ही भाषांतील लेख आहेत. इंग्रजी लेख सावकाश वाचावा. त्यात कॅप्टन स्टॉन्टनचे नाव दोनदा येते. पेशव्याच्या संपूर्ण सैन्याने वेढलेल्या तुकडीचा नायक म्हणून एकदा, आणि भयंकर परिस्थितीत चिकाटीने प्रतिकार करून शत्रूला हताश करणारा म्हणून दुसऱ्यांदा. वाक्याचा कर्ता स्टॉन्टन आहे. टिकून राहतो तो स्टॉन्टन, विजय मिळवतो तोही स्टॉन्टन. तुकडीच्या अजिंक्य वृत्तीचा उल्लेख आहे, पण ती त्याला ‘साथ देते’. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की लेखाच्या अखेरीस त्या दिवसाचे यश शूर सैनिकांच्या निर्धाराचे होते असे मान्य केले आहे आणि मृतांची व जखमींची नावे कोरण्याचा हुकूम नोंदवला आहे. नावे आहेत. प्रश्न ती वाचतो कोण, हा आहे.

त्या दिवशी झाले काय, ते थोडक्यात पाहू. खडकी आणि येरवड्याच्या लढायांनंतर नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे इंग्रजांच्या हाती गेले होते. दुसरा बाजीराव सैन्यासह फिरत होता आणि तो पुण्यावर येईल अशी धास्ती होती. पुण्यातील कर्नल बर याने शिरूरच्या छावणीकडे कुमक मागितली. वसईच्या तहानंतर घोडनदीच्या काठी वसलेली ही छावणी इंग्रजांचे पुण्याजवळचे मोठे लष्करी ठाणे होती. ३१ डिसेंबरच्या रात्री आठच्या सुमारास मुंबई फौजेच्या पहिल्या पलटणीची दुसरी बटालियन, म्हणजे सुमारे पाचशे शिपाई, काही स्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा घेऊन स्टॉन्टन निघाला. रात्रभर चालून, सुमारे चाळीस किलोमीटर अंतर तोडून, सकाळी दहाच्या सुमारास ही माणसे तळेगाव ढमढेरेच्या बाजूच्या उंचवट्यावर पोहोचली, तेव्हा भीमेपलीकडे पेशव्याचे हजारोंचे सैन्य दिसले.

तुकडी कोरेगावात शिरली. पेशव्याच्या बाजूने अरब, गोसावी आणि मराठे पायदळाच्या टोळ्या नदी उतरून गावात घुसल्या. गल्ल्यांतून, घरांच्या भिंतींआडून, एका तोफेभोवती दिवसभर हातघाई चालली. रात्रभर चाललेल्या या शिपायांना त्या दिवशी अन्न मिळाले नाही आणि पाणी मिळाले ते अंधार पडून मारा थांबल्यावर. समोर नदी वाहत असताना! लेफ्टनंट चिझम मारला गेला आणि त्याचे शिर कापले गेले. वैद्य विंगेट मारला गेला. लेफ्टनंट पॅटिन्सन हा धिप्पाड अधिकारी जखमी असूनही बंदूक उलटी धरून तोफ परत घेण्यासाठी धावला आणि पुढे शिरूरला त्याच जखमांनी गेला. शरण जावे असे काही गोलंदाजांनी सुचवले, तेव्हा स्टॉन्टनने नकार दिला. त्याच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कंपनीच्या आठशे चौतीस माणसांपैकी दोनशे पंचाहत्तर मेली, जखमी झाली वा बेपत्ता झाली. पेशव्याकडील हानी पाचशे ते सहाशे धरतात.

दुसऱ्या दिवशी पेशव्याचे सैन्य निघून गेले, कारण जनरल स्मिथची फौज पाठलागावर होती. स्टॉन्टनही पुण्याला गेला नाही. २ जानेवारीच्या रात्री तो जखमींना घेऊन शिरूरकडे परतला.

येथून आजचा वाद सुरू होतो आणि येथेच त्याची चूकही सुरू होते. एक पक्ष म्हणतो, मूठभर सैन्याने गाव राखले, म्हणून विजय. दुसरा म्हणतो, पुण्याला पोहोचणे हे काम होते, ते सोडून स्टॉन्टन मागे फिरला, मग विजय कसला? दोन्ही पक्ष हिरिरीने भांडतात आणि दोघांच्याही हाती मोजपट्टी एकच असते. ती म्हणजे स्टॉन्टन कोठून कोठे गेला. त्याच्या पावलांवरून लढाईचे मोल ठरवायचे, हा कंपनीच्या खलित्याचा दृष्टिकोन झाला. खलिता गव्हर्नरसाठी लिहिला जात असे. दोनशे वर्षांनंतर शिरूर–पुणे रस्त्यावरून जाणाऱ्या विद्यार्थ्याने तो जसाच्या तसा डोक्यावर का घ्यावा? ज्या शिपायाने तहानेने जीभ कोरडी पडलेली असताना गल्ली सोडली नाही, त्याच्या कृत्याचा अर्थ कप्तान दुसऱ्या रात्री कोणत्या दिशेला वळला यावरून ठरत नाही.

आता स्तंभावरची दुसरी नावे. मृतांच्या यादीतील कंपनीच्या एकोणपन्नास सैनिकांपैकी बावीस नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात, आणि हा प्रत्यय महार समाजातील पुरुषांच्या नावांना लागत असे. उरलेल्यांत मराठे, राजपूत, मुसलमान आणि एखादे ख्रिस्ती किंवा यहुदी वाटणारे नाव आहे. इंग्रज कारकुनाच्या लिपीत येसनाक, रायनाक, गुणनाक यांची जी काही अक्षरे झाली, ती पाहताना वाचक अडखळतो. स्टॉन्टनचा उच्चार मराठीत जितका वाकला, त्याहून या नावांचा इंग्रजीत अधिक वाकला.

या नावांत आडनाव नाही. शिपायाचे नाव, ‘बिन’ किंवा तसाच काही संबंध दाखवून बापाचे नाव, आणि हुद्दा, एवढीच त्या काळच्या दप्तरातील ओळख. कित्येकांना वाटते की आडनाव नसणे हे मागासलेपणाचे लक्षण. मग पॅटिन्सनचे काय करायचे? त्या आडनावाचा अर्थच ‘पॅटिनचा पोर’, म्हणजे पॅट्रिकच्या लाडक्या नावावरून पडलेला बापाचा पत्ता. फरक इतकाच की इंग्लंडात तो ‘बिन’ कधीकाळी गोठला आणि पिढ्यान्‌पिढ्या चालू लागला. येसनाकचा बाप येसनाकच्या नातवाच्या नावातून गळून गेला. पॅटिन्सनचा माग आजही काढता येतो. येसनाकचा काढणे जवळपास अशक्य आहे. दप्तराने दोघांना वेगळी साधने दिली, आणि आपण समजलो की एकच माणूस ऐतिहासिक होता.

त्यावर हल्लीची खोड अशी की ‘नाक’वाली नावे मोजायची आणि थांबायचे. बावीस. हा आकडा एका बाजूला झेंडा होतो, दुसऱ्या बाजूला तो कमी करून दाखवण्याची घाई होते. मोजणी चुकीची नाही. ज्या समाजाला पेशवाईत माणूस म्हणून मोजले जात नव्हते, त्याची मोजणी दगडावर होणे ही मोठी गोष्टच आहे. पण स्टॉन्टनला नाव आणि येसनाकला अनुक्रमांक, ही वाटणी कंपनीनेच केली होती. तिचा निषेध करणाऱ्यांनी ती पुढे चालवू नये. आणखी एक यादी तर मुळात कोणी केलीच नाही. पेशव्याच्या बाजूने पडलेल्या अरबांची, गोसाव्यांची, मराठ्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. पराभूतांची नोंद ठेवणारा कारकून नसतो, हे खरे, पण त्यांच्याविषयी बोलताना ‘पेशव्यांचे अठ्ठावीस हजार’ असा एकच घास करून मोकळे होणेही इतिहासकाराला शोभत नाही.

इंग्रजी आडनाव टिकतेच असेही नाही. त्याची साक्ष खुद्द शिरूर देते. असईच्या लढाईत लढलेला कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये शिरूर येथे वारला. त्याची कबर तेथे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई सरकारच्या गॅझेटियरने नोंदवले आहे की शिरूर आणि आसपासच्या खेड्यांतील लोक तिला ‘सत्पुरुषा’चे स्थान मानत आणि सुगीच्या वेळी पहिल्या धान्याचा नैवेद्य तेथे आणत. लोकांनी माणूस ठेवला, आडनाव सोडून दिले. सरकारने सुमारे चाळीस किलोमीटरांवर उलटे केले.

शिरूरची घोडनदी पुढे भीमेला मिळते आणि ती भीमा दौंडवरून वाहते. दौंडला इंग्रजी आडनावांची आणखी एक गोष्ट पाहावयास मिळते. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला, गाव मोठे जंक्शन बनले आणि रेल्वेच्या नोकरीबरोबर अँग्लो-इंडियन कुटुंबे तेथे स्थिरावली. त्यांची आडनावे इंग्रजी, पण ती मिळाली कोठल्या बाजूने? राज्यघटनेच्या ३६६व्या अनुच्छेदातील व्याख्या पाहिली तर उत्तर मिळते. पित्याच्या किंवा पुरुषवंशातील पूर्वजाच्या बाजूने युरोपीय वंश असला पाहिजे. आईच्या बाजूचा पूर्वज कितीही युरोपीय असला तरी व्याख्येत बसत नाही, आणि आईच्या बाजूची भारतीय पणजी तर आडनावातून पूर्णपणे पुसली जाते. आडनाव माणसाच्या पूर्वजांपैकी एकाचीच ओळ राखते, बाकीच्या सगळ्या गाळते. दौंडच्या रेल्वे वसाहतीत हे जितके खरे, तितकेच स्टॉन्टनच्या बाबतीतही.

स्टॉन्टनला पुढे मानाची तलवार आणि पाचशे गिनी मिळाल्या, गव्हर्नर जनरलचा मानद एडीसी हे पद मिळाले. बटालियनला ‘ग्रेनेडियर’ ही पदवी मिळाली. महार शिपायांच्या वंशजांना काय मिळाले? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच सरकारने महारांची भरती बंद केली. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारला अर्ज करून आपल्या पूर्वजांच्या लष्करी सेवेची आठवण करून दिली. कोरेगावच्या स्तंभाशी सभा भरवण्याची प्रथा कांबळ्यांच्या काळातली. स्टॉन्टनचा गौरव करण्यासाठी त्या सभा भरत नव्हत्या. दगडाच्या दुसऱ्या बाजूवरची नावे त्यांनी पुराव्याच्या कागदासारखी वापरली आणि सरकारपुढे धरली. इतिहास वाचण्याची ही रीत आजच्या अनेक पदवीधरांहून तयारीची होती.

१ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी आले. त्यांचे घराणे मूळचे सकपाळ. वडिलांनी शाळेत त्यांचे नाव घातले ते रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या मूळ गावावरून, ‘आंबडवेकर’ असे. म्हणजे गाव आणि त्याला जोडलेला ‘कर’. बेने इस्रायलांची पेणकर, रोहेकर ही आडनावे याच घडणीची, आणि दगडाच्या वाडीवरून आलेले ते इंग्रजी आडनावही याच घडणीचे. ज्या दगडावर एका दगडवाडीकराचे नाव दोनदा कोरले आहे, त्याच्यापाशी उभे राहून एका आंबडवेकराने ती दुसरी, आडनाव नसलेली नावे आपली मानली.

१९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. स्टॉन्टनचे नाव त्यावर नव्हते.